बंद दाराला तीन खेपा

अडतीस मुलांनी मिळून एकशे चौदा माणसांना प्रश्न विचारला आणि एकाचंही उत्तर शून्य आलं नाही. अनसूयाबाईंनी कागदांचा गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून चाळला. सात, बारा, नऊ, वीस. केस कापणाऱ्या राजने तर छातीठोकपणे चाळीस सांगितले होते. शून्य कुठेच नव्हतं. ही आकडेवारी खोटी आहे हे बाईंना तिथल्या तिथे कळलं. मात्र कशावरून कळलं, ते वर्गात सांगायची सोय नव्हती.

प्रश्न नववी ‘ब’मधल्या ओवीचा. सांख्यिकीच्या धड्यासाठी प्रत्येक वर्ग काहीतरी माहिती गोळा करतो. दरवर्षी तेच, कोणाच्या घरी किती झाडं, कोणाची चप्पल किती नंबरची. यंदा ओवी उठून म्हणाली, “बाई, माझी आजी गावाहून आलीये. ती म्हणते, तुमच्या शहरात कोणी कोणाशी बोलत नाही. खरं आहे का ते बघू या?” पोरगी धीट. वर्गाला प्रश्न आवडला. रविवारी तुम्ही समोरासमोर किती जणांशी पाच मिनिटांहून जास्त बोललात? घरातली माणसं धरायची, फोन धरायचा नाही. बाईंना हा प्रश्न मुळीच आवडला नव्हता. पण नाही म्हणायला कारण सापडलं नाही, आणि शाळेमागच्या कॉलनीत पोरं सुटली.

त्याच कॉलनीत, एकशे सात नंबरच्या बैठ्या घरात, अनसूयाबाई राहत. वय छप्पन्न, नाशिक रोडच्या शाळेत गणित शिकवायला लागून तीस वर्षं झालेली. लग्न केलं नाही. आधी राहून गेलं, मग राहूनच गेलं. अकरा वर्षं आई जवळ होती. तेव्हा या घराला दार आहे की नाही असं वाटावं इतकी ये-जा. कोणी लोणच्याला कैऱ्या चिरायला यायचं, कोणी नुसतंच सुनेची गाऱ्हाणी सांगायला. बाई आत पेपर तपासत बसायच्या आणि मनातल्या मनात म्हणायच्या, जरा कमी बोला गं. दोन वर्षांपूर्वी आई गेली. तेराव्यापर्यंत घर भरलेलं होतं. चौदाव्या दिवशी बाईंनी सगळ्यांपुरता चहा टाकला आणि कोणी आलं नाही. येणारी माणसं आईकडे येत होती, हे तेव्हा कळलं. उरलेला चहा त्यांनी दुपारी गरम करून प्यायला.

तेव्हापासूनचे सगळे रविवार सारखे. सकाळी दूधवाला पिशवी दाराला अडकवून जायचा. दुपारी भांडी, संध्याकाळी इस्त्री. सोमवारी पहिल्या तासाला ‘बसा’ म्हणताना आवाज फुटायचा नाही, कारण शनिवारपासून वापरलाच नसायचा. स्टाफरूममध्ये कोणी विचारलं की बाई म्हणत, “अहो, रविवार कुठे जातो तेच कळत नाही.” हे त्या इतक्या सराईतपणे म्हणत की शाळेत सगळ्यांची समजूत होती, बाईंचं घर म्हणजे गजबजलेलं. ती समजूत बाईंनी जिवापाड जपली होती. एकटं राहण्याचं त्यांना फारसं काही वाटत नसे. आपण एकट्या आहोत हे दुसऱ्याला कळण्याची मात्र मरणाची लाज वाटे.

तर त्या गठ्ठ्यात शून्य नव्हतं, आणि एक शून्य तर बाई स्वतःच होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाला विचारलं, “तुम्ही कोणाकोणाला विचारलंत?”

“जे भेटले त्यांना,” मुलं म्हणाली.

“कुठे भेटले?”

देवळाच्या पारावर, राजच्या दुकानात, ओट्यावर ऊन खात बसलेल्या बायकांना. जानेवारीची थंडी, लोक उन्हाला बसलेलेच होते. दार उघडं असेल तर विचारायचं, बंद असेल तर पुढे जायचं. बंद दार ठोठावणं आपल्याकडे जरा आगाऊपणाचंच समजतात.

“शितावरून भाताची परीक्षा,” बाई म्हणाल्या. “पण वरवरचंच शीत दाबून पाहिलं तर बुडाला काय करपलंय ते कळेल का? गप्पा मारत बसलेल्या माणसालाच तुम्ही विचारताय, तुम्ही गप्पा मारता का?”

मागच्या बाकावरून गोरक्ष उठला. निफाडकडचा, द्राक्षवाल्याचा मुलगा, इथे मामाकडे राहून शिकणारा. गणितात यथातथा, पण कामाची गोष्ट त्याला पटकन कळायची. “बाई, आमच्याकडं बागेत साखर मोजताना बी असंच हाय. बांधाकडचाच घड तोडला ना, तर साखर लय दिसती. त्याला ऊन लागेल असतं. मग व्यापारी म्हणतो, मधी चल, सावलीतला घड दाखव.”

“शाबास,” बाई म्हणाल्या. गोरक्षला ही शाबासकी वर्षातली पहिलीच, तो उभाच राहिला.

बाईंना स्वतःच्या वडिलांच्या वह्या आठवल्या. वडील पंचवटीतले तीर्थोपाध्याय. गोदावरीवर आलेल्या प्रत्येक यजमानाचं नाव, गाव, बापाचं नाव, आजाचं नाव वहीत उतरवायचे. लहानपणी अनसूयेला वाटायचं, सगळं जग त्या वह्यांत आहे. मग एकदा तिने विचारलं, जे नाशकाला आलेच नाहीत त्यांची नावं कुठे? वडील नुसते हसले होते. पुढे गणिताचा नाद लागला त्याचं मूळ बहुधा तिथेच असावं.

वर्गात त्यांनी नियम घातले. कॉलनीत दोनशे बारा घरं. दहा चिठ्ठ्यांवर शून्य ते नऊ आकडे लिहायचे, एक चिठ्ठी काढायची. जो आकडा येईल, तो ज्या ज्या घराच्या नंबराच्या शेवटी असेल त्या घरात जायचं, म्हणजे दर दहा घरांमागे एक. दार बंद असेल तर शेजारच्याला विचारून काम भागवायचं नाही. त्याच दाराला तीन खेपा घालायच्या, वेगवेगळ्या दिवशी. कागदावर नाव नको, घर नंबर नको. घरात माणसं किती आणि रविवारचं उत्तर किती, एवढंच. आणि शेवटचा नियम बाईंनी दोनदा सांगितला. “उत्तर ऐकून तोंडावर काही दिसता कामा नये. अरेरे नाही, वा वा नाही. लिहायचं, थँक यू म्हणायचं, निघायचं. माणसाने खरं सांगावं असं वाटत असेल तर त्याच्या उत्तराची कीव करायची नाही.”

चिठ्ठ्या बाईंच्याच जेवणाच्या डब्यात टाकल्या. गोरक्षने डोळे मिटून एक काढली.

“सात.”

बाईंनी मनात सात, सतरा, सत्तावीस मोजायला सुरुवात केली आणि मध्येच थांबल्या.

“डबा नीट हलवला नव्हता,” त्या म्हणाल्या. “परत काढ.”

गोरक्ष बिचारा चिठ्ठी परत टाकायला निघाला. ओवी उठली. “पण बाई, मनासारखी येईपर्यंत काढत बसलं तर मग चिठ्ठीचा उपयोग काय?”

हे वाक्य बाईंचंच होतं, गेल्याच आठवड्यातलं. वर्ग त्यांच्याकडे बघत होता.

“बरोबर,” त्या म्हणाल्या. “सात.”

“बाई, एकशे सात म्हणजे तुमचंच घर हाय ना?” गोरक्ष म्हणाला आणि वर्ग हसला.

“नमुन्यात कोणाला सूट नसते,” बाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा कडक निघाला, हे एक नशीब.

एकवीस घरं निघाली, जोड्या पडल्या. एकशे सात ओवी आणि गोरक्षच्या वाट्याला आलं. प्रश्न येत्या रविवारचा, उत्तरं सोमवारपासून गोळा करायची. म्हणजे बाईंच्या हातात एक रविवार होता. खोटं तर बोलायचं नाही. गणिताच्या बाईने स्वतःच्याच आकडेवारीत खोटा आकडा घालायचा म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं. पण शून्याचा एक करायला काय लागतं? एक माणूस, पाच मिनिटं.

रविवारी सकाळी त्यांनी निळी साडी नेसली, पेढे घेतले आणि बिटकोच्या चौकातून बस धरून पंचवटी गाठली. भाऊ मयुरेश तिथे वडिलांची गादी चालवतो. आई असेपर्यंत जाणं-येणं होतं, नंतर पातळ झालं. भांडण नाही, तंटा नाही. भांडण झालं असतं तर बरं, निदान बोलणं तरी झालं असतं.

घरी यजमानांची गर्दी होती. लातूरकडचं मोठं कुटुंब, अस्थी घेऊन आलेलं. मयुरेश सोवळ्यात, हातात दर्भ. “अगं ताई. बस, बस. आलोच.” वहिनी यशश्री चहा घेऊन आली, खुर्चीच्या टोकावर टेकली. “किती दिवसांनी वन्सं. गुडघे काय म्हणतात?” बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजून वीस मिनिटं. गुडघ्यांचं झालं, शाळेचं झालं, थंडीचं झालं. दहा तेवीस. बाईंनी घाईघाईने पेढ्यांचा विषय काढला. दहा चोवीस. आतून मयुरेशने हाक मारली, “अगं, तीळ कुठे ठेवलेस?” वहिनी उठली. “आलेच हं,” म्हणाली आणि गेली.

चार मिनिटं.

बाई अर्धा तास खुर्चीत बसून राहिल्या. समोरून तांबे गेले, पत्रावळी गेल्या, लातूरकडच्या एका म्हातारीने त्यांना “बाथरूम कुठंय?” असं विचारलं. मयुरेश काही बाहेर आला नाही. शेवटी त्यांनी पेढ्यांचा पुडा देवापुढे ठेवला आणि कोणाला न सांगता बाहेर पडल्या. रामकुंडाच्या कडेने निमाणीच्या बसस्टॉपकडे चालताना त्यांना रडू यायला लागलं आणि त्याच वेळी हसूही आलं. छप्पन्नाव्या वर्षी मी भावाच्या घरी मिनिटं मोजायला गेले होते, त्यांनी स्वतःला म्हटलं. संध्याकाळी इस्त्री केली.

सोमवारी संध्याकाळी मुलं येणार म्हणून बाई शाळेतून परस्पर भाजीबाजारात गेल्या. गरज नसताना मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि अंधार पडल्यावर घरी आल्या. यादीत नोंद झाली, एकशे सात, पहिली खेप, कुलूप.

बुधवारी त्या घरातच होत्या. फाटक वाजलं तशी त्यांनी स्वयंपाकघरातला दिवा बंद केला आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. बेल वाजली. पुन्हा वाजली.

“कुलूप तर नाय,” गोरक्षचा आवाज आला. “झोपल्या असतील.”

“सहा वाजता?”

“मग शेजारी विचारू. एकशे आठमधी. काम मिटंल.”

“शेजारी चालत नाही. बाईंनी सांगितलंय ना. लिही, दुसरी खेप, बंद.”

फाटक लागलं. बाई अंधारात तशाच उभ्या होत्या. तीस वर्षं ज्या पोरांना ‘खरं बोला’ म्हणून छड्या मारल्या, त्यांच्यापासून आपण लपून बसलोय. त्यांना स्वतःचा राग आला. त्याहून जास्त वाईट वाटलं ते याचं, की दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी या दाराशी थांबून आपल्यासाठी बेल वाजवली आणि आपण दिवा मालवला.

शुक्रवारपर्यंत वीस घरांचे कागद आले. बाईंनी ते शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसून चाळले. तीन, आठ, पाच. आणि मग एक शून्य. पुढे आणखी एक. मग आणखी. वीस कागदांत पाच शून्यं. चार ठिकाणी घरातल्या माणसांच्या रकान्यात एक लिहिलेलं होतं. पाचव्या शून्यासमोर घरातली माणसं चार होती.

तो कागद बाईंनी गठ्ठ्यातून वेगळा काढला. चार माणसांच्या घरात रविवारभर कोणी याच्याशी पाच मिनिटं बोललं नाही. तो बाप्या होता की बाई, कागद काही सांगत नव्हता. पण ज्या कोणी हे सांगितलं, त्या माणसाने दार उघडलं होतं, आणि दारात उभ्या चौदा वर्षांच्या पोरांना खरं सांगितलं होतं. बाईंना वाटलं, या माणसापुढे आपण अगदीच नादान ठरलो.

शनिवारी दुपारी बेल वाजली तेव्हा त्यांनी पहिल्या बेललाच दार उघडलं.

ओवी आणि गोरक्ष पायरीवर उभे होते. ओवीच्या हातात पॅड. “नमस्कार. आम्ही शाळेतून आलोय,” तिने ठरलेलं वाक्य म्हटलं, जणू बाईंना ती पहिल्यांदाच बघत होती. “घरात माणसं किती?”

“एक.”

“गेल्या रविवारी तुम्ही समोरासमोर किती जणांशी पाच मिनिटांहून जास्त बोललात?”

चार मिनिटं, बाईंच्या मनात आलं. चाराचे पाच करायला कोण बघतंय? भिंतीवरचं घड्याळ मागेही असू शकतं. वहिनी उठताना ‘आलेच हं’ म्हणाली, तेही बोलणंच.

“शून्य,” त्या म्हणाल्या.

ओवीने लिहिलं. तिच्या तोंडावरची रेषही हलली नाही. गोरक्षने मान खाली घालून यादीवर खूण केली. बाई दाराची कडी धरून उभ्या होत्या. त्यांना वाटलं, आता पोरगी काहीतरी म्हणेल. निदान वर बघेल. ‘बाई, पाणी द्या’ म्हणेल. आत या म्हणायचं त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं.

“थँक यू,” ओवी म्हणाली, आणि दोघं निघाली. बाईंनी शिकवलं होतं अगदी तस्संच. एक शब्द इकडे नाही की तिकडे नाही. फाटकाशी गोरक्षची पावलं जरा अडखळली, पण ओवीने त्याची बाही ओढली. इतका चोख अभ्यास या वर्गाने वर्षभरात दुसरा कुठलाच केला नव्हता.

सोमवारी ओवीने फळ्यावर गणित मांडलं. एकवीस घरं, सहा शून्यं. कॉलनीतली घरं दोनशे बारा. गोरक्षने गुणाकार चुकवला, पुन्हा केला. उत्तर साठाच्या थोडं वर गेलं.

“म्हणजे साठेक घरांत?” मधल्या रांगेतलं कोणीतरी म्हणालं. “पहिल्या वेळी तर एक पण नव्हतं.”

ओवी खडू हातात घेऊन उभी होती. ती फळ्याकडेच बघत म्हणाली, “बाई, ती साठ घरं कोणती, ते कसं काढायचं?”

“ते निघत नाही,” बाई म्हणाल्या. “नमुन्यातून किती ते कळतं. कोण ते कळत नाही.”

“मग कळून उपयोग काय?” गोरक्षने विचारलं. उद्धटपणे नाही, खरंच विचारलं.

बाई डस्टर उचलून फळा पुसायला लागल्या. घंटा झाली म्हणून सुटल्या.

संध्याकाळी त्या कॉलनीतून घरी चालत आल्या. थंडीमुळे दारं लवकर लागलेली. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. एवढी वर्षं या दारांवरून जाताना प्रत्येक बंद दारामागे भरलेलं घर आहे असं त्यांनी धरूनच टाकलं होतं. रिकामं तेवढं आपलं. आता हिशेब वेगळा होता. दहा दारांत जवळजवळ तीन. यातलं कोणतं, ते सांगता येत नव्हतं, पण आहेत हे नक्की होतं. त्यांना एकाच वेळी हायसं वाटलं आणि वाईटही वाटलं. साठ जण एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून बसलोय आणि प्रत्येकाला वाटतंय, आपण एकटेच.

एकशे सातपाशी त्यांनी किल्ली काढली आणि कुलपाला न लावता हातातच धरली. शेजारचं एकशे आठ सहादू गायधनींचं. एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले, आई त्यांना सहादूभाऊ म्हणायची आणि वाटीभर कालवण पाठवायची. आई गेल्यापासून ती वाटी गेली नव्हती. त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या, सकाळी खोकला ऐकू यायचा. शेवटचं प्रत्यक्ष कधी पाहिलं ते बाईंना आठवेना. दिवाळीच्या आधी असावं. त्यांचं घर नमुन्यात आलं नव्हतं, त्यामुळे त्यांना कोणी काही विचारलेलं नव्हतं.

दहात तीन. वर्गात आपण सांगतो, दहात तीन म्हणजे काही कमी नव्हे.

त्यांनी एकशे आठचं फाटक उघडलं आणि बेल दाबली. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. मेथी जास्त झालीये, असं म्हणता आलं असतं, आणि गेल्या सोमवारची एक जुडी अजून पडून होती, म्हणजे ते खरंही होतं. आत काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. मग दिवा बंद झाला.

बाई थांबल्या. हा आवाज, हा मालवलेला दिवा त्यांच्या ओळखीचा होता. त्यांनी पुन्हा बेल दाबली नाही. पर्समधून खडूने माखलेली डायरी काढली, फाटकाला टेकवली आणि रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात तारीख लिहिली. त्याखाली लिहिलं, एकशे आठ, पहिली खेप, बंद.

अजून दोन खेपा बाकी होत्या.